दहा मुलांची बाटली

आइसपॅक फ्रीजरमधून काढला की लगेच लशीच्या डब्यात ठेवायचा नसतो. ओट्यावर मांडायचा, त्याला घाम फुटू द्यायचा. मग उचलून कानाशी धरायचा आणि हलवायचा. आत पाणी हलल्याचा आवाज आला की झालं.

चाकणच्या चौकात नव्या कोऱ्या गाड्यांनी भरलेला ट्रेलर सकाळपासून आडवा आहे. गाड्यांवर पांढरं प्लास्टिक चिकटवलेलं. खाली ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून खिचडी शिजवतो आहे.

मागच्या खोलीतल्या आरोहीला तीन शब्द येतात. मम्मा, पाणी, कंपनी. मम्मा दिसेनाशी झाली की ती रस्त्याकडे बोट करून म्हणते, कंपनी.

दर शुक्रवारी डॉक्टर ग्रुपवर कुणाची किती लस वाया गेली त्याचा तक्ता टाकतात. हिरव्या रंगात नाव आलेल्या नर्सेस अंगठा दाखवतात. लाल रंगातल्या कुणी काही लिहीत नाहीत.

कांद्याची पात पिवळी पडून माना टाकायला लागली, की पाणी तोडतात.

आरोग्य उपकेंद्राची दोन गुंठे जागा दादासाहेबांनी दिली. दारावरच्या फरशीवर त्यांचं नाव आहे. पाऊस आडवा आला की फरशीवरून पाणी आत येतं.

*

तालुक्याच्या सभागृहात पंखे होते, पण वीज नव्हती. आरोग्यसेविकांना बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी, पिशवीत पेन आणि ‘संसाधन व्यवस्थापन’ असं छापलेली फाइल. प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं.

शिकवायला पुण्याहून प्राजक्ता मॅडम आल्या होत्या. वय कमी, आवाज बसलेला. त्यांनी टेबलावर पाण्याचा जग ठेवला, दहा पेले मांडले आणि दोनच भरले. मग जग उचलून उरलेलं पाणी खिडकीबाहेर ओतलं.

‘‘काय झालं?’’

‘‘पाणी वाया गेलं,’’ पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी म्हणाल्या.

‘‘झाडाला गेलं,’’ मागून कुणीतरी म्हणालं. हसणं उठलं.

‘‘गोवराच्या लशीची बाटली दहा मुलांची असते. पाणी मिसळून एकदा उघडली की चार तासांत संपवायची. दोनच मुलं आली तर?’’

तनुजा उभी राहिली. ‘‘मुलं जमवायची, मॅडम. फोन लावायचे, आशाताईंना घरोघरी पाठवायचं. जमली की मग बाटली उघडायची.’’

‘‘छान. नाव काय तुमचं?’’

तनुजाने नाव सांगितलं. मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले डॉक्टर म्हणाले, ‘‘आमच्या केंद्राची आहे. तक्त्यात कायम हिरवी.’’ आणि मग तेच हसू तसंच ठेवून सगळ्यांना म्हणाले, ‘‘मार्चमध्ये कंत्राटं नवी होणार. लस किती वाया घालवली ते मी बघणार आहे. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.’’

शेजारची सेविका तनुजाच्या कानात पुटपुटली, ‘‘आता घरी जाऊन पोरं काढ तूच दहा, म्हंजी बाटली पुरंल.’’

तनुजा हसली नाही. तिच्या नवऱ्याला, जयदीपला, कंपनीने ब्रेक दिला होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा बोलावलं तर बोलावलं. या वेळी बोलावणं आलं नव्हतं.

*

ती घरी आली तेव्हा कांदा काढणं चाललं होतं.

जमीन होती त्यातली बरीच एमआयडीसीत गेली. उरला हा एक तुकडा, दोन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती, तिसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या. सासू गवराबाई वाफ्यात उकिडवी बसून विळ्याने पात कापत होती. जयदीप उपटून टाकत होता. कंपनीतला निळा शर्ट त्याने कांद्याच्या कामाला घातला होता. पाठीवर ‘सुरक्षा प्रथम’ असं लिहिलेलं.

‘‘झालं का तुजं टरेनिंग?’’ गवराबाईने वर न बघता विचारलं. ‘‘काय शिकिवलं?’’

‘‘वाया घालवायचं नाही म्हणून.’’

‘‘त्येला पुन्याहून बाई आणावी लागती व्हय?’’

तनुजाने साडी खोचली आणि विळा घेतला. पातीच्या रसाने बोटं चिकट झाली. उन्हाने माती तापलेली, पायाला ढेकळं टोचत होती. गवराबाई पुढे सरकत गेली तशी तिच्या मागे कांद्यांची ओळ पडत गेली, सगळ्यांचं तोंड एकीकडे.

‘‘बुधवारी तेजू यायचीय,’’ गवराबाई म्हणाली. ‘‘ओमला घिऊन. त्येला सुई द्यायचीय म्हनं. तिकडं हिंजवडीला रांगा हायत, डॉक्टर येळ देईना. म्या म्हनलं, घरची नर्स असताना कशापायी?’’

‘‘सकाळी यायला सांगा त्यांना. सत्र दोन वाजता संपतं.’’

‘‘ती तिच्या सवडीनं यील.’’

जयदीप कांदे टोपलीत टाकत होता. ब्रेक मिळाल्यापासून तो घरात फारसं बोलत नसे.

*

बुधवारी उपकेंद्राच्या दाराशी पहिली उभी होती ती स्वप्नाली.

स्वप्नाली आणि तिचा नवरा बिरू परभणीकडचे. तनुजाच्या सासऱ्यांच्या, दादासाहेबांच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. बिरू भोसरीला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर, ही वायरिंगच्या कंपनीत. कडेवर आरोही. वाढदिवस होऊन गेला तरी गोवराची सुई राहिली होती, कारण नवव्या महिन्यात द्यायची तेव्हा ती सगळी गावाकडे होती. नाक वाहत होतं, पण ताप नव्हता. तनुजाने हात लावून बघितलं.

‘‘बसा. मुलं जमू द्या.’’

आशाताई मंजुषा चाळीत जाऊन आली. ‘‘एक भेटलं. बाकीच्या बाया शिफ्टला गेल्यात. कुलपं हायत दारांना.’’

थोड्या वेळाने ते एक मूल आलं. बिहारी बाई होती, तिला मराठी येत नव्हतं. ती बाकावर बसून राहिली. घड्याळ पुढे गेलं. आरोही फरशीवर रांगत डब्यापाशी गेली आणि त्याच्या निळ्या झाकणावर हात आपटायला लागली.

तनुजाने डबा वर उचलून ठेवला.

‘‘दोनच झालीत. बाटली उघडता येणार नाही. पुढच्या वेळी या.’’

‘‘मी सुट्टी टाकून आलेय बाई,’’ स्वप्नाली म्हणाली. ‘‘लाइनवरचा सुपरवायझर सुट्टी देईना. आजची पण खाडा लावून घेतलीय.’’

‘‘मी काय करू? दोघींसाठी बाटली उघडली तर आठ मुलांचं औषध ओतून द्यायचं का? ते पण कुणाच्या तरी लेकराचंच आहे.’’

हे वाक्य प्रशिक्षणातलं होतं. तोंडात नीट बसलं.

‘‘मग ते गोड औषध तरी द्या. डोळ्याचं म्हणत्यात ते.’’

‘‘अ जीवनसत्त्व. ते सुईबरोबरच द्यायचं असतं. एकदमच देऊ.’’

स्वप्नालीने आरोहीला उचललं. बिहारी बाईला हाताने खूण केली, चला, नाही. ती बाई उठली. तिने तनुजाकडे बघून मान लववली, काही दिलं असावं तशी.

‘‘पुढच्या बुधवारी?’’ स्वप्नालीने दारातून विचारलं.

‘‘पुढच्या बुधवारी वाडीवर सत्र आहे. त्याच्या पुढच्या.’’

स्वप्नाली हिशेब करत उभी राहिली. मग आरोहीला चाळीतल्या म्हाताऱ्या कौशल्याबाईकडे सोडून ती दुपारची तरी शिफ्ट मिळते का बघायला पळाली.

*

नणंदेची, तेजस्विनीची गाडी आली तेव्हा सत्र संपलं होतं. मंजुषा घरी गेली होती. डबा केंद्रावर परत न्यायला माणूस यायचा होता.

तेजस्विनी आत आली नाही. उपकेंद्राच्या पायरीवर रुमाल अंथरून बसली. मांडीवर ओम, गोरापान, पायात मोजे.

‘‘वहिनी, पटकन हं. मला चारला कॉल आहे. आणि फ्रेश बाटली घ्या, उघडलेली नको.’’

‘‘उघडलेलीच नाही, ताई. आज मुलं जमली नाहीत. एकट्यासाठी उघडता येत नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘दहा मुलांची असते.’’

तेजस्विनीने आईकडे बघितलं. गवराबाई कांद्याच्या हाताने तशीच आली होती. तिने पदराला हात पुसले. ‘‘आता घरच्या लेकराला बी म्होरल्या बुधवारी ये म्हनून सांगतीस व्हय गं?’’

‘‘आत्याबाई, सकाळी दोघींना परत पाठवलंय. माझं कंत्राट आहे.’’

‘‘कुनी दिलं कंत्राट?’’

दादासाहेब अंगणातल्या बाजेवर पडले होते. उपकेंद्र आणि घर यांच्या मधे भिंत नव्हती, नुसती तुळस होती. ते उठून बसले. आवाज चढवला नाही.

‘‘तनुजा. जागा कुनाची हाय ही?’’

तिने डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

‘‘सरकारला दोन गुंठं फुकट दिलं. त्याच्यावर माज्या नातवाला सुई न्हाई?’’

तेजस्विनी म्हणाली, ‘‘जाऊ दे ना बाबा, मी तिकडे पैसे देऊन घेते.’’ पण ती उठली नाही.

तनुजाने डबा उघडला. थंड वाफ तोंडावर आली. बाटली काढली, पाण्याची कुपी फोडली, पाणी आत सोडलं, तळहातात हळूहळू फिरवली. उजव्या दंडावर टोचलं. ओम क्षणभर गप्प राहिला, मग रडला. तेजस्विनीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. अ जीवनसत्त्वाचं गोड औषधही चमच्याने दिलं. ओमने ते चाटलं.

‘‘थँक्यू वहिनी. तुम्ही ना, एकदम प्रो आहात.’’

बाटलीत नऊ मुलांचं राहिलं होतं.

चाळीच्या दाराशी कौशल्याबाई तांदूळ निवडत बसली होती. तिच्या पुढ्यात आरोही. आरोही एकेक खडा उचलून म्हातारीच्या पदरात टाकत होती. इथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तनुजाने नवी सिरिंज फोडली. मग स्वप्नालीला विचारावं म्हणून फोन हातात घेतला.

‘‘कुनाला लावतीस?’’ गवराबाईने विचारलं.

‘‘त्या मागच्या खोलीतल्या पोरीचं राहिलंय. बाटली उघडलीच आहे तर…’’

‘‘सकाळी न्हाई म्हनलीस ना तिला?’’

‘‘हो.’’

‘‘मग आता व्हय म्हंशील. उद्या ती इचारंल, सकाळी का न्हाई? चाळभर सांगत फिरंल की मालकिनीच्या नातवासाठी उगाडली. भाडेकरूच्या तोंडी लागायचं असतं का?’’

तनुजाला गवराबाईचं बोलणं पटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे सकाळचं ते वाक्य होतं, आठ मुलांचं औषध ओतून द्यायचं का, आणि ते ऐकून परत गेलेली स्वप्नाली. ते वाक्य आता परत घ्यावं लागलं असतं. तिने फोन पोलक्यात ठेवला. फोडलेली सिरिंज लाल डब्यात टाकली.

*

फोनवर.

‘‘सर, एक बाटली उघडावी लागली. एकाच मुलासाठी.’’

‘‘का? परवाच सांगितलं ना मी?’’

‘‘घरचं… दादासाहेबांचा नातू होता, सर.’’

‘‘अच्छा. दादासाहेबांचा?’’

‘‘हो सर.’’

‘‘मग एवढं काय त्यात. फुटली म्हणून लिहा. फुटलेली तक्त्यात धरत नाहीत.’’

‘‘सर, पण ती फुटली नाही.’’

‘‘मग फोडा, बाई. हेही मीच सांगू का?’’

*

ती उपकेंद्राच्या मागे गेली. तिथे मसाला वाटायचा जुना पाटा उलटा पडलेला होता. बाटली फडक्यात गुंडाळून तिने पाट्यावर ठेवली आणि दगडाने मारली. पहिल्या फटक्यात निसटली. दुसऱ्यांदा फडकं ओलं झालं.

मान वर केली तेव्हा कौशल्याबाई बघत होती. तांदळाचं सूप मांडीवर तसंच. तिने आरोहीचा हात धरला आणि तिला आत घेतलं.

*

वाडीवरचं सत्र झालं. त्याच्या पुढच्या बुधवारी स्वप्नालीला सुट्टी मिळाली नाही, आणि कौशल्याबाईने आरोहीला आणलं नाही. तनुजाने मंजुषाला पाठवलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, आई नसताना मी सुई टोचून घेत नसते.

कांदा काढून झाला. शेडमधे सुकायला टाकला. भाव उतरले होते, दादासाहेब रोज सकाळी उठून भावाला शिव्या द्यायचे आणि मग चहा घ्यायचे.

आरोहीला ताप आला. तिसऱ्या दिवशी कानामागे पुरळ दिसलं, चौथ्या दिवशी तोंडभर झालं.

गवराबाईने स्वतः कडुलिंबाचा डहाळा तोडून त्यांच्या दाराला बांधला. स्वप्नालीला सांगितलं, फोडणी घालायची न्हाई, तवा ठिवायचा न्हाई, पोरीला वाऱ्याला न्यायचं न्हाई. स्वतःच्या घरची मऊ भाताची वाटी पाठवली. वाटी परत घेतली नाही.

‘‘दवाखान्यात न्या,’’ तनुजा दारातून म्हणाली. आरोहीचे डोळे चिकटले होते. उजेड आला की ती तोंड आईच्या छातीत खुपसायची.

‘‘मालकीणबाई म्हणत्यात, वारं लागंल,’’ बिरू म्हणाला. तो रात्रपाळी करून आला होता, हाताला ग्रीस तसंच होतं. ‘‘तुमी एक सांगताय, त्या एक सांगत्यात. आमी कुणाचं ऐकावं?’’

‘‘माझं ऐका. डोळ्यांचं औषध तिला आजच मिळायला पाहिजे.’’

‘‘त्या दिवशी मागितलं की,’’ स्वप्नाली म्हणाली.

तनुजाने जयदीपला गाडी काढायला लावली. तो लगेच उठला. चाकणचा चौक तुंबला होता, तो त्याने शेतातल्या वाटेने चुकवला, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत नेलं. वाटेत त्याने आरसा वळवला, मागे बघावं लागू नये म्हणून.

गोवर छातीत उतरला होता, त्यातून तिथल्या डॉक्टरांनी वाचवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला. बुबुळांवर फुलं पडली आहेत. एका डोळ्याने उजेड कळेल. दुसऱ्याने तेही नाही.

*

आणि मग सगळं आलं. दोन जीप, तालुक्याचे अधिकारी, बाहेरच्या केंद्रांवरच्या नर्सेस. चाळीच्या तोंडाशी टेबल मांडलं. प्रत्येक खोलीचं दार वाजवलं. बाटल्या भराभर उघडल्या, कुणी मुलं मोजली नाहीत. संध्याकाळी अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग डब्यात परत गेला. त्या बिहारी बाईच्या मुलालाही सुई मिळाली. ती पुन्हा मान लववून गेली.

अधिकाऱ्यांनी स्वप्नालीला समोर बसवलं.

‘‘सत्राच्या दिवशी का आणलं नाही?’’

‘‘आणलं होतं.’’

अधिकाऱ्यांनी तनुजाकडे बघितलं. डॉक्टर मधेच म्हणाले, ‘‘सर, ही लोकं फिरती असतात. वयाला द्यायची तेव्हा गावाकडे होते. इथे आल्यावर बोलावलं होतं पुन्हा, आले नाहीत. आशाला विचारा.’’

मंजुषा खाली बघत म्हणाली, ‘‘म्या बोलवायला गेले हुते.’’ ते खरंच होतं.

‘‘डोळ्यात काय घातलं होतं?’’

‘‘धण्याचं पाणी. मालकीणबाईंनी दिलं.’’

गवराबाई दारात उभी होती, ती आत गेली.

कागदावर लिहिलं गेलं: पालकांची उदासीनता, घरगुती उपचार. तनुजाला ते वाचून दाखवलं. तिने सही केली.

*

खोली सोडायला दादासाहेबांनी सांगितलं नाही. गवराबाईने मोटरचं पाणी त्यांच्या बाजूला सोडणं बंद केलं. बिरूने टेम्पो आणला. गॅसची टाकी, गादी, एक पंखा. भोसरीला प्रेसजवळ खोली बघितली होती.

तनुजा कांद्याच्या शेडमधे सडका माल वेगळा काढत होती. स्वप्नाली आरोहीला घेऊन तिथे आली. आरोहीने हात पुढे करून शेडचा खांब चाचपला.

‘‘नर्सबाई, एक विचारू का?’’

‘‘विचारा.’’

‘‘त्या दिवशी बाटलीत किती राह्यलं होतं?’’

‘‘ती फुटली होती.’’

‘‘हां,’’ स्वप्नाली म्हणाली. ‘‘कौशल्यामावशीनं फुटताना बघितली.’’

टेम्पोचा हॉर्न वाजला. आरोहीने आवाजाकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, ‘‘कंपनी.’’

‘‘न्हाई बाळा. चल.’’

तनुजाच्या हातातला कांदा मऊ लागत होता. तिने तो दाबला, रस निघाला, वास आला. तो तिने चांगल्या ढिगात टाकला, आणि मग वाकून पुन्हा काढला.

*

मार्चमध्ये कंत्राट झालं. तक्त्यात तिचं नाव हिरवंच होतं, शेजारी डॉक्टरांनी एक फूल चिकटवलं होतं. जयदीपला कंपनीने परत बोलावलं नाही. तो आता तिला वाडीवरच्या सत्रांना गाडीने सोडतो.

पावसाळ्याआधी तालुक्याला नव्या सेविकांचं प्रशिक्षण झालं. त्यात एक तास तनुजाला दिला. विषय, मुलं कशी जमवावी. पंखे चालू होते. तिने जग मागवला, पेले मांडले. खिडकीबाहेर पाणी ओतलं. मुली हसल्या. ती हसण्याची वेळच होती, तनुजा थांबली.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. बोटातल्या अंगठीजवळ लग्नाची हळद अजून गेली नव्हती. ‘‘मॅडम, पण एकच बाळ आलं, आणि त्याच्या आईला पुन्हा यायला जमणार नसलं, तर?’’

भिंतीला टेकून डॉक्टर उभे होते.

‘‘समजावून सांगायचं,’’ तनुजा म्हणाली. ‘‘पुढच्या सत्राला बोलवायचं.’’

मुलीने ते लिहून घेतलं.

प्राजक्ता मॅडमनी त्या पहिल्या प्रशिक्षणात, दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी, बसलेल्या आवाजात सांगितलं होतं: एकच मूल आलं तरी बाटली उघडायची, वाया गेली तर जाऊ द्यायची, मूल परत पाठवायचं नाही. ते कुणी लिहून घेतलं नाही. सगळ्याजणींना ते आधीपासून माहीत होतं.